खुलासा : स्टेनलेस केबल जास्त मजबूत?

घरी बांधलेल्या बायप्लेनच्या (एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाच्या) पंखांना ताण द्यायला स्टेनलेस केबलच घ्या, ती गॅल्व्हनाइज्डपेक्षा (जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी केबलपेक्षा) मजबूत, असा सल्ला फिरतो आहे. तो उलटा आहे. १/८ इंची ७×१९ (सात पेड, प्रत्येकात एकोणीस तारा) विमानी केबल गॅल्व्हनाइज्ड असेल तर किमान २००० पौंडांना तुटते, स्टेनलेस १७६० पौंडांना. आराखड्यात गॅल्व्हनाइज्ड असताना त्याच जाडीची स्टेनलेस लावली, की बारा टक्के ताकद गेली. ती सहज गंजत नाही, एवढंच.

मुळात ७×१९ ही कंट्रोलसाठीची (विमान वळवणारे भाग हलवायची), पुलीवरून वळणारी लवचीक केबल. ताणाखाली जास्त लांबते. ताठ राहायचं काम १×१९ चं (एकोणीस तारांचा एकच पेड). पिट्स स्पेशल या कसरतींच्या छोट्या बायप्लेनवर तर केबलऐवजी टोकांना आटे पाडलेल्या चपट्या पोलादी तारा असतात, कारण गोल तार हवेला फार अडते. महाग पडतात, हे मात्र खरं.