लेझरवाला एक्स-रे ‘बाधत नाही’ म्हणे!

परवा फोंड्याच्या बाजूची एक मावशी छातीचा एक्स-रे काढायला आली आणि दारातच अडून बसली. “बाबा, तुझ्याकडे तो लेझरवाला नाही? तो बाधत नाही म्हणतात.” मोबाईल पुढे केला. आमच्या वाड्याच्या ग्रुपवर तीनदा फिरून गेलेला तोच मेसेज: लेझर आणि इलेक्ट्रॉनपासून एक्स-रे बनवलाय, त्यात रेडिएशन नाही, यंत्र टेबलावर मावतं, जुनी मशिनं आता भंगारात.

लेझर आणि इलेक्ट्रॉनपासून एक्स-रे बनतो, एवढं खरं. पुढचा सगळा घोळ.

‘रेडिएशन नाही’ हे तर धडधडीत खोटं. लेझर आपल्या अंगापर्यंत येतच नाही. तो यंत्राच्या पोटात, निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांना भेटतो. बाहेर पडतो तो एक्स-रेच, आणि पेशीतल्या अणूचा इलेक्ट्रॉन उडवायची त्याची खोड जन्म कुठे झाला त्यावरून बदलत नाही. माझ्या खिशावरचा टीएलडी बिल्ला, म्हणजे अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा, दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. तिथे कोणी तरी तो वाचून ‘हे लेझरचे, माफ’ असं म्हणणार नाही.

खरी गंमत मेसेजवाल्याने सोडूनच दिली. आमच्याकडे बटण दाबण्याआधी गरगर आवाज येतो ना, ती नळीतली धातूची चकती फिरत असते. तिच्यावर इलेक्ट्रॉन आपटतात. जवळजवळ ९९ टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, उरलेल्या टक्क्याचे एक्स-रे, तेही लहानमोठ्या ऊर्जेची खिचडी. नव्या पद्धतीत आपटायला धातूच नाही. समोरून भरधाव येणाऱ्या कदंबाच्या बसवर चेंडू मारा (मारू नका!), तो मारलेल्यापेक्षा कितीतरी जोराने परत येईल. इथे चेंडू म्हणजे अवरक्त लेझरचा फोटॉन, ऊर्जा जेमतेम १.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. बस म्हणजे ४० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन, जवळपास प्रकाशाच्या वेगाने येणारा. समोरासमोर टक्कर झाली की फोटॉन सुमारे २४ हजार पट ऊर्जा घेऊन परततो, म्हणजे २८ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास. मधली शलाका तेवढी निवडली की जवळपास एकाच ऊर्जेचे किरण मिळतात. नुसत्या सावलीत न दिसणारे मऊ ऊतींचे बारकावे त्यांनी टिपता येतात. म्युनिकजवळ गार्खिंगला जिवंत उंदरांच्या फुप्फुसांची चित्रं अशीच काढली आहेत.

आता ‘टेबल’. गार्खिंगचं हे यंत्र कॅलिफोर्नियाच्या लिन्सिअन कंपनीने बांधलं, २०१५ पासून तिथे आहे. त्याला अख्खी खोली लागते. शिवाय एवढ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन शेवटी कुठे तरी थांबवावे लागतात, तिथे न्यूट्रॉनही निघतात, म्हणून जाड काँक्रीट. त्याला छोटं म्हणतात ते इंदूरच्या इंडस-२ सारख्या, इलेक्ट्रॉन कड्यात फिरवून एक्स-रे काढणाऱ्या अवाढव्य यंत्रांच्या शेजारी. तिथल्या कड्याचा घेर १७२ मीटर आहे.

भंगाराचं म्हणाल तर फोटॉन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांना बहुतेक वेळा चुकवतातच. एकूण किरणांच्या हिशेबात सीटीची साधी नळी अजून कितीतरी पुढे आहे. आणि ती निवडलेली शलाका काही मीटर लांब गेली तरी जेमतेम काही सेंटिमीटर रुंद. मावशीची छाती तेवढ्यात कशी मावायची?