अर्ज साहेब वाचत नाही, बाबू वाचतो

तहसीलीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे अर्जाचे तयार नमुने मिळतात. 'मी एक गरीब कास्तकार असून माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे' इथून सुरू होतात आणि 'अन्यथा आमरण उपोषणास बसेन' इथे संपतात. मधात गट नंबरचाही पत्ता नसतो. अशा अर्जावर शिक्का बसतो, आवक नंबर पडतो आणि तो नस्तीत, म्हणजे फायलीत जाऊन निजतो. दरवेळी बाबूची नियत खोटी असते असं नाही. त्या कागदावर टिपणी काय लिहायची, हेच त्याला उमगत नाही.

अर्जावर 'मा. तहसीलदार साहेब' लिहिलं असलं तरी तो आधी बाबूच्या टेबलावर येतो. त्याला टिपणी करून साहेबापुढे ठेवायची असते: अर्जदार कोण, जमीन कोणती, घडलं काय, मागणी काय, कोणत्या कलमाखाली. ही पाच उत्तरं अर्जातून जशीच्या तशी उतरवता आली तर काम पुढे सरकतं. नाही तर 'त्रुटीची पूर्तता करावी' असं पत्र निघतं आणि महिना गेलाच समजा. माझं सरळ मत आहे: बाबूची अर्धी टिपणी आपणच लिहून द्यायची, तोच चांगला अर्ज.

पांदणीचंच, म्हणजे शेतरस्त्याचंच घ्या. पेरणीच्या तोंडावर असे अर्ज हमखास येतात आणि विषय असतो 'शेतात जाण्यासाठी रस्ता मिळण्याबाबत नम्र विनंती'. कोणतं गाव, कोणतं शेत, रस्ता नवा पाहिजे की जुना अडवला? यातलं काहीच कळत नाही. आता हा बघा:

'विषय : मौजा अमुक येथील गट क्र. ११२ कडे जाणारा वहिवाटीचा पांदण रस्ता गट क्र. ११४ लगत दि. १२ जूनपासून तारकुंपण करून अडविल्याबाबत; तो मोकळा करून मिळण्यासाठी मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये अर्ज.'

लांब आहे, असू द्या. बाबूला टिपणीचा मथळा मिळाला.

यात कलम शोभेसाठी लिहिलेलं नाही. चालू वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर १९०६ च्या कायद्याचं कलम ५. रस्ताच नाही आणि दुसऱ्याच्या धुऱ्यावरून (बांधावरून) नव्याने पाहिजे, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. अनेकजण 'दोन्ही लिहून ठेवू, एक तरी लागेल' म्हणतात आणि इथेच फसतात. एकीकडे रस्ता होता म्हणता, दुसरीकडे नव्हता म्हणता. समोरच्याच्या वकिलाला आयतं सापडतं. शिवाय कलम ५ ला सहा महिन्यांची मुदत आहे. १२ जूनला कुंपण पडलं तर १२ डिसेंबरच्या आत अर्ज दाखल पाहिजे. म्हणून अडवल्याची तारीख नेमकी लिहा. 'गेल्या काही दिवसांपासून' हे शब्द स्वतःच्याच पायावर धोंडा आहेत.

मजकुराला तीन परिच्छेद पुष्कळ झाले. पहिल्यात आपण कोण: सातबारावर आहे तसंच नाव, मौजा, तालुका, गट क्रमांक, क्षेत्र. सातबारावर 'पुंडलिक' आणि आधारवर 'पुंडलीक' असेल तर तेही इथेच एका ओळीत सांगून टाका. क्षेत्र साडेतीन एकर लिहू नका, १.४२ हेक्टर लिहा. कागदाशी कागद जुळला पाहिजे. दुसऱ्या परिच्छेदात घडलेली गोष्ट, मोजमापासहित: कोणी, कधी, कुठे, किती फूट. 'दांडगाईने पूर्ण रस्ता गिळंकृत केला' यापेक्षा 'सुमारे ४० फूट लांबीत सिमेंटचे सहा खांब रोवून तार ओढली, बैलबंडी जात नाही' हे वाक्य भारी पडतं, कारण मंडळ अधिकारी मोक्यावर गेल्यावर खांब मोजू शकतो, दांडगाई नाही. तिसऱ्यात मागणी, एकच: स्थळ निरीक्षण व पंचनामा करून रस्ता मोकळा करण्याचा आदेश व्हावा. त्याच अर्जात विहिरीचं अनुदान आणि डीपीचा फ्यूज घुसडायचा नाही. त्या फायली वेगळ्या, टेबलं वेगळी.

खाली सहपत्रं क्रमांक टाकून: स्वतःचा आणि अडवणाऱ्याच्या गटाचा अलीकडचा सातबारा, गाव नकाशाची नक्कल, हातानं काढलेला कच्चा नकाशा, लगतच्या खातेदारांची नावं-पत्ते. आपल्या विदर्भात एक जास्तीचं हत्यार आहे, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाच्या वहिवाटी त्यात नोंदलेल्या असतात. रस्त्याची नोंद सापडली तर त्याची नक्कल जोडाच. मूळ कागद कधीच देऊ नये, झेरॉक्सवर सही करून द्यावी.

कागदाचंही सांगतो, लहान वाटेल. डावीकडे दीड इंच समास सोडा. नस्तीला टॅग लागला की काठावरचे शब्द आत जातात. वर उजवीकडे चार बोटं जागा मोकळी ठेवा, तिथे शिक्का आणि साहेबांचा शेरा येतो. जागा नसली तर शिक्का नेमका गट नंबरवर बसतो.

'प्रति'मध्ये एकच अधिकारी, पदनामाने. पालकमंत्री, जिल्हाधिकारी, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) सगळ्यांना एकाच ओळीत बसवलं की कोणीच जबाबदार राहत नाही. वरून तो कागद 'उचित कार्यवाहीसाठी' म्हणून त्याच तहसीलीत उतरतो. फार तर एसडीओला प्रतिलिपी द्या.

आणि ती उपोषणाची ओळ. तिनं धाक बसतो असं वाटतं. होतं असं की अर्ज रस्त्याच्या टेबलावरून कायदा-सुव्यवस्थेच्या टेबलावर जातो, ठाण्याला प्रत जाते आणि तुम्हाला 'उपोषणापासून परावृत्त व्हावे' असं पत्र येतं. कुंपण जागच्या जागी.

घाईचा अर्ज याच्या उलट, चार ओळींचा. रोही (नीलगाय) किंवा रानडुकरांनी वावर तुडवलं तर वनविभागाला तीन दिवसांच्या आत कळवावं लागतं. तिथे मसुदा घोटत बसू नका. तारीख, गट, पीक, किती आर, कोणता प्राणी, पंचनामा करावा. बस्स.

अर्ज दोन प्रतींत न्या. आवक-जावकला, काही कचेऱ्यांत त्याला बारनिशी म्हणतात, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्या. 'ठेवून जा, मी टाकतो' यावर विसंबू नका. नंतरच्या प्रत्येक स्मरणपत्रात 'संदर्भ' म्हणून तोच क्रमांक. दफ्तर दिरंगाईच्या २००५ च्या कायद्यानुसार साधारणपणे कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहायला नको; तेवढं नम्रपणे लिहावं. तरी हललं नाही तर माहिती अधिकार: १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'कार्यवाही का केली नाही' विचारू नका, उत्तर येतं 'हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही'. 'आवक क्र. अमुकवरील टिपणी व पत्रव्यवहाराच्या छायांकित प्रती मिळाव्या' असं मागा. उत्तराला ३० दिवस.

पोच देतच नसतील तर स्पीड पोस्ट करा. रजिस्टरी आता स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे. पावती मात्र थर्मल कागदाची असेल तर उन्हाळाभर पेटीत राहून कोरी होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढून अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.