एन्रॉन विरोधी पक्षनेत्याने बुडवला, हे खरे नाही

माझा भाचा चिपळूणला राहून अभियांत्रिकी शिकतो. गेल्या आठवड्यात त्याने मला एक संदेश पाठवला आणि खाली एवढेच विचारले, ‘मामा, हे खरे आहे का?’ संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: विधानसभेतील तेव्हाचे विरोधी पक्षनेते गोपीनाथ मुंडे यांनी केवळ राजकारणापोटी दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाला, म्हणजे एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या वीज प्रकल्पाला, विरोध केला, त्यामुळे प्रकल्प बुडाला, महाराष्ट्र स्वस्त विजेला मुकला, पुढे भारनियमन भोगावे लागले, गुहागरच्या तरुणांचे काम गेले आणि ग्रामस्थांनाही मुंडे यांनीच भडकावले होते. हाच संदेश नंतर आमच्या नातेवाइकांच्या दोन गटांत फिरला. तारखा ताडून पाहाव्यात असे कोणालाही वाटले नाही, म्हणून हे लिहावे लागत आहे.

सर्वांत निराधार मुद्दा पहिलाच आहे. स्पर्धात्मक निविदा न मागवता, बंद दाराआड हा करार झाला, असा विरोधी पक्षनेते म्हणून मुंडे यांचा आक्षेप होता, आणि प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची त्यांची घोषणा गावोगाव पोहोचली होती. मार्च १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, मुंडे उपमुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच समितीच्या अहवालानंतर ३ ऑगस्ट १९९५ रोजी मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी करार रद्द करत असल्याचे जाहीर केले. संदेश इथे थांबतो, इतिहास मात्र थांबत नाही. काही महिन्यांतच फेरवाटाघाटी झाल्या आणि १९९६ मध्ये त्याच सरकारने प्रकल्प आधीपेक्षा मोठा करून स्वीकारला. २०१५ मेगावॉटचे २१८४ मेगावॉट झाले आणि मूळ करारात ज्याचे बंधन नव्हते तो दुसरा टप्पाही राज्य वीज मंडळाच्या गळ्यात पडला. केंद्राच्या प्रतिहमीला, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र ते भरेल या हमीला, त्याच वर्षीच्या मे महिन्यात तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने मंजुरी दिली. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हाही मुंडे सत्तेत होते. याउलट मे २००१ मध्ये मंडळाने दाभोळची वीज घेणे बंद केले, तेव्हा राज्यात विलासराव देशमुख यांचे काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार होते, म्हणजे ज्या काँग्रेसच्या राजवटीत १९९३ चा मूळ करार झाला तिचेच वारसदार.

मग प्रकल्प कशाने बुडाला? करारातच ते लिहिलेले होते. मंडळाने वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार, म्हणजे वीजनिर्मितीची क्षमता तयार ठेवल्याबद्दलची ठरलेली रक्कम, द्यावाच लागे, तोही मुख्यतः डॉलरशी बांधलेला. पहिल्या टप्प्याचे इंधन होते नाफ्था, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारे द्रवइंधन, ज्याचा भाव तेलाबरोबर चढत गेला. एवढी महाग वीज एवढ्या मोठ्या प्रमाणात राज्याला परवडणार नाही, हे जागतिक बँकेने १९९३ मध्येच कर्ज नाकारताना सांगितले होते. करार झाला तेव्हा दर तपासणारा आयोग अस्तित्वातच नव्हता. महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला तो ऑगस्ट १९९९ मध्ये. स्वस्त वीज आधी घ्या, महाग नंतर, असे आयोगाने मंडळाला बजावल्यावर दाभोळचा क्रमांक मागे गेला, कमी युनिटांवर तोच स्थिर आकार पडू लागला आणि काही महिन्यांत युनिटचा दर सात रुपयांच्या पुढे गेला. संदेशातली ‘स्वस्त वीज’ ती हीच. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने एप्रिल २००१ मध्ये दिलेला अहवाल तर कोणत्याही एका पक्षाला मोकळे सोडत नाही. निर्णयप्रक्रियेच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर शासनयंत्रणा अपयशी ठरली, आणि ते अपयश राज्यात व केंद्रात, वेगवेगळ्या सरकारांच्या काळात पसरलेले आहे, असा तिचा निष्कर्ष आहे.

भारनियमनाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. २००१ ते २००६ या काळात उभा प्रकल्प बंद पडून राहिला आणि त्याच सुमारास राज्यातला विजेचा तुटवडा वाढत गेला. परंतु २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या केंद्र सरकारच्या कंपन्यांच्या सहभागाने नवी कंपनी स्थापन होऊन २००६ मध्ये प्रकल्प पुन्हा चालू झाला, आणि २०१३ च्या सुमारास देशी वायू आटल्यावर तो पुन्हा थंडावला. त्या वेळी कोणाच्या घोषणेचा त्याच्याशी संबंध नव्हता. बांधकामाच्या काळात हजारोंना काम मिळाले हेही खरे, पण बांधकाम संपले की ते संपणारच होते.

सर्वांत दुखावणारा आरोप ग्रामस्थांवरचा आहे. प्रकल्पाला नाव दाभोळचे असले तरी ते गाव खाडीपलीकडे दापोली तालुक्यात आहे. जमीन आणि किनारा गेला तो गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांचा. मासेमारीवर जगणाऱ्या माणसांना खाडीत सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची भीती वाटण्यासाठी कोणा पुढाऱ्याच्या भाषणाची गरज नव्हती. मुंडे यांनी १९९६ मध्ये भूमिका बदलली, पण ही गावे बदलली नाहीत. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस वेलदूरच्या कोळीवाड्यात शिरले, पुरुष समुद्रावर असताना त्यांनी बायकांना घराबाहेर ओढून मारहाण केली आणि अटक केली. ह्युमन राइट्स वॉच या संस्थेच्या जानेवारी १९९९ च्या अहवालात हे सारे नोंदलेले आहे. त्या दिवशी राज्याचे गृहखाते गोपीनाथ मुंडे यांच्याकडेच होते.