अण्णांना नकाशा बघायचा होता

आज डोकं फार तापलंय म्हणून लिहितेय. लांबणार आहे, वेळ असेल तर वाचा.

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक पोस्टर आलं. पुण्यातल्याच एका कॅम्पसवरचे या महिन्यातले कार्यक्रम. जुन्या नकाशांचं प्रदर्शन, दोन डॉक्युमेंट्री, एक सिनेमा आणि त्यावर चर्चा, पाण्याच्या प्रश्नावर दोन दिवसांचा सेमिनार, आणि शनिवारी संध्याकाळी व्याख्यान. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात, सर्वांना प्रवेश. कॅम्पसचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की सगळे त्या एकाच जागेवर तुटून पडतात, आणि मला जे म्हणायचंय ते एका जागेपुरतं नाहीये.

पोस्टर अख्खं इंग्रजीत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते माझ्या फोनवर मोठं करून करून बघितलं आणि मला वाचायला लावलं. नकाशांचं प्रदर्शन म्हटल्यावर म्हणाले, सातारा जिल्ह्याचा असेल का गं त्यात? आमचं मूळ गाव कोयनेच्या धरणात गेलंय. अण्णा तेव्हा शाळेत होते. घर, शाळा, देऊळ, जे काय होतं ते सगळं शिवसागराच्या तळाशी आहे, आणि आमच्याकडे त्या गावाचा एक फोटोसुद्धा नाही. कुणाकडे कॅमेरा होता तेव्हा? जुन्या सर्व्हेच्या नकाशात गावाचं नाव छापलेलं असेल, ओढा दाखवला असेल, एवढंच त्यांना बघायचं होतं. ७९ वर्षांचा माणूस. सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात भिंग ठेवलं. मी हाफ डे टाकला. वारज्याहून रिक्षा केली.

गेटवर विचारलं, आयडी? मी आधार कार्ड काढलं. ते नाही, कॉलेजचं. म्हटलं आम्ही कॉलेजचे नाही, प्रदर्शन बघायला आलोय, सर्वांना प्रवेश लिहिलंय. मग रजिस्ट्रेशन केलंय का? तिथे भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलेला. केला स्कॅन. गूगल फॉर्म उघडला. त्यात संस्थेचं नाव, पद, आणि संस्थेचा ईमेल आयडी. तिन्हींच्या पुढे लाल चांदणी. भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी माझा साधा ईमेल टाकला तर एरर. आणि फॉर्म भरला तरी कन्फर्मेशनचा मेल आल्याशिवाय सोडता येणार नाही, तो मेल एक दिवसाने येतो.

अण्णा म्हणाले, असू दे, चल.

हे "असू दे, चल" मला सहन होत नाहीये. सकाळपासून कानात वाजतंय. कारण हा माणूस असं म्हणणारा नव्हता. आणि ते समजायला मला १९८६ सालात जावं लागेल.

हॅलेचा धूमकेतू आला होता तेव्हा. पेपरात रोज काहीतरी यायचं. अण्णा पिंपरीला एका कारखान्यात फिटर होते, शिक्षण सातवी. पण पेपरातला "आजचे कार्यक्रम" हा कॉलम ते लाल पेन्सिलीने खुणा करून वाचायचे, आणि पाळी जुळली की जायचे. वसंत व्याख्यानमाला, कुठल्या कॉलेजातलं भाषण, काहीही. मला बरोबर न्यायचे, मी नऊ वर्षांची. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून, घरी न जाता, कारखान्याच्या निळ्या कपड्यातच ते मला घेऊन एका कॅम्पसवर धूमकेतूच्या व्याख्यानाला गेले. कुणी अडवलं नाही. कुणी विचारलं नाही तुमची संस्था कुठली. हॉलमध्ये मागच्या बाकावर बसलो. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तर अण्णा उभे राहिले. मला आठवतं, माझे कान गरम झाले होते, सगळे वळून बघत होते ना. अण्णांनी विचारलं, धूमकेतू सूर्याकडे येताना शेपूट मागे असतं हे समजलं, पण परत जाताना शेपूट पुढे असतं असं तुम्ही म्हणालात, ते कसं? मागे राहिलेल्यालाच शेपूट म्हणतात ना?

कुणी हसलं नाही. प्राध्यापक फळ्याकडे गेले, खडूने सूर्य काढला, आणि सांगितलं की शेपूट धावण्यामुळे मागे राहत नाही, सूर्याचा प्रकाश आणि सूर्याकडून येणारा वारा ते ढकलत असतो, म्हणून ते कायम सूर्याच्या उलट दिशेला. मग म्हणाले, दरबारातून निघताना माणूस महाराजांना पाठ दाखवत नाही, तोंड महाराजांकडे ठेवून मागे मागे जातो, तसं समजा. अण्णा म्हणाले, समजलं. नंतर बाहेर चहा होता तर त्या सरांनी स्वतः बोलावून अण्णांना चहा दिला आणि कारखान्यात काय काम करता ते पंधरा मिनिटं विचारत बसले. परत येताना पीएमटीत अण्णा मला तेच सांगत होते, दरबार, महाराज, शेपूट. मी पुढे बीएस्सी केलं त्याचं कारण कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

तर हा तो माणूस. आणि त्याला आज आपण गेटवर विचारलं तुमचं पद काय.

मला सांगा, ही व्याख्यानं, प्रदर्शनं, सिनेमे नक्की कुणासाठी असतात? आतल्यांसाठीच असतील तर पोस्टर ग्रुपवर कशाला फिरवता? माझ्या भावाची मुलगी तिथेच एमए करते. ती म्हणते आत्या, मागच्या सेमिनारला उद्घाटन झालं, हार झाले, फोटो झाले, आणि जेवणानंतर हॉलमध्ये पंचवीस माणसं. त्यातली अर्धी एफवायची पोरं, अटेंडन्स लागतो म्हणून बसवलेली, खाली मान घालून फोन बघत. वक्ता लांबून आलेला, तो रिकाम्या खुर्च्यांना स्लाइड दाखवतोय. फोटो कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला लागतात, सर्टिफिकेट प्राध्यापकांच्या फाइलला लागतं, संपलं काम. आत ऐकणारं कुणी नाही आणि ज्याला ऐकायचंय तो गेटवर. याचा राग नाही येणार तर कशाचा येणार?

हे शहर असं नव्हतं हो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती कुणी पदवी घेतलेल्यांपुरती नव्हती. पुणे विद्यापीठ १९४९ ला निघालं, बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू, आणि त्यांच्याच नावाची व्याख्यानमाला बहिःशाल मंडळातर्फे गावोगावच्या कॉलेजांत होते. बहिःशाल! शाळेच्या बाहेरच्यांसाठी. त्यासाठी वेगळं मंडळच काढलं होतं लोकांनी. आज हा शब्द किती पोरांना माहीत असेल?

आणि लॉ कॉलेज रोड. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० ला फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ ला फिल्म अर्काइव्ह. तिथले सतीश बहादूर आणि पी. के. नायर, ही माणसं पुण्यात विद्यार्थ्यांना शिकवून थांबली नाहीत. कर्नाटकात हेग्गोडू म्हणून सुपारीच्या बागांमधलं खेडं आहे, तिथल्या लोकांना सिनेमा कसा बघायचा हे शिकवायला जायची. फिल्मचे जड डबे घेऊन, भाषा वेगळी, तरी जायची. ज्यांना यायला जमत नाही त्यांच्याकडे आपण जायचं, इतकं साधं होतं त्यांचं. आणि आपल्याकडे आता वारज्याहून रिक्षा करून आलेल्या म्हाताऱ्याला आत घेता येत नाही.

कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच की ताई सिक्युरिटीचा प्रश्न असतो. असतो, मान्य. मुलींची हॉस्टेल्स असतात आत, आणि २००४ च्या जानेवारीत जमावाने भांडारकर संस्थेत घुसून तोडफोड केली ते मीही विसरलेले नाही. पण ते लोक फॉर्म भरून, भिंग खिशात घालून नकाशे बघायला आले होते का? आधार कार्ड बघा, नाव लिहून घ्या, बॅग तपासा, फोन बाहेर ठेवायला सांगा, मी सगळं करीन. संस्थेचा ईमेल आयडी कुठून आणू? निवृत्त फिटरला कोण देणार संस्थेचा ईमेल? भाजीवाल्याच्या मुलीला, घरकाम करून संध्याकाळी सिनेमा बघायला येऊ शकणाऱ्या बाईला, यूपीएससीची तयारी करत सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला कोण देणार? म्हणजे तो एक रकाना ठरवतो कोण माणूस आणि कोण नाही. ज्याने फॉर्म बनवला त्याने मुद्दाम नसेल केलं. पण करताना कुणाचं तोंड डोळ्यांसमोर आलं नाही, हेच मला लागलंय.

(मध्ये उठून चहा करून आले. जरा शांत झालेय.)

एक सांगायचं राहिलं. त्या वॉचमनवर माझा राग नाही. मी सुरुवातीला त्याच्यावर आवाज चढवला, ते चुकलं. लातूरकडचा मुलगा आहे, बारा तासांची ड्युटी. मी तिथे फॉर्मशी झटापट करत होते तेव्हा त्याने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची अण्णांना दिली आणि आपण उभा राहिला. म्हणाला, ताई, मला वरून सांगितलंय, मी सोडलं तर माझी नोकरी जाईल. अण्णांनी त्याला विचारलं, नकाशे कसले आहेत रे आत? तर म्हणाला, माहीत नाही आजोबा, मी आत गेलोच नाही, आम्हाला गेट सोडता येत नाही.

गेटपासून प्रदर्शनाचा हॉल दिसत होता. शंभर पावलं असतील. दहा दिवस तो मुलगा तिथे उभा आहे आणि त्याला कुणी सांगितलं नाही की जेवणाच्या सुट्टीत जाऊन बघून ये.

अण्णांनी मग त्याला सांगितलं कोयनेचं. गाव कुठे होतं, ओढा कुठून यायचा, उन्हाळ्यात पाणी उतरलं की काय काय वर येतं म्हणतात. तो मुलगा ऐकत होता, मध्येच गाडी आली की बॅरियर वर करून परत यायचा आणि विचारायचा, मग पुढं? मी त्या दोघांकडे बघत होते आणि मला १९८६ चे ते सर आठवले, खडूची बोटं शर्टाला पुसत अण्णांना विचारत होते, लेथवर काम करता का? तेव्हा ज्याच्या हातात फळा होता त्याने वेळ दिला, आज ज्याच्या हातात फक्त बॅरियर आहे त्याने दिला.

आपल्याकडे चांगलं चाललेलं नाही असं मी म्हणणार नाही. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची दारं २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला उघडतात तेव्हा किती गर्दी होते ते बघितलंय मी, कडेवर पोर घेतलेल्या बाया, शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलं, खेड्यातून आलेले मास्तर. मी माझ्या मुलाला दोनदा घेऊन गेलेय. जयंत नारळीकर सरांकडे मुलं सही मागायची तर ते म्हणायचे पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून पाठवीन. पोस्टकार्डाला संस्थेचं नाव लागत नव्हतं. सर २०२५ च्या मे महिन्यात गेले तेव्हा अण्णांनी दिवसभर टीव्ही बंद ठेवला होता. म्हणजे आपल्याला जमतं. वर्षातून एक दिवस जमतं तर बाकीच्या दिवशी एका प्रदर्शनापुरतं का जमू नये?

काय करता येईल तेही सांगते, नुसती रडत नाहीये. पोस्टर मराठीतही काढा. सर्वांना प्रवेश लिहिलं असेल तर गेटवरच्या माणसाला तसं लेखी द्या, म्हणजे त्याची नोकरी जाणार नाही. तिथेच वही ठेवा, नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. वर्तमानपत्राच्या कार्यक्रमांच्या कॉलमला दोन ओळी पाठवा, तो कॉलम अजून लाल पेन्सिलीने वाचणारी माणसं जिवंत आहेत. आणि जे मित्रमैत्रिणी प्राध्यापक आहेत, मला माहितेय तुमच्यातले बरेच जण ही पोस्ट वाचतायत, तुम्ही विभागात नुसतं विचारा तरी की हा फॉर्म कुणी बनवला.

संध्याकाळी भाचीला फोन केला होता. तिला म्हटलं तुझ्या आयडीवर आजोबांना नेशील का, तर गेस्टसाठी एचओडींची सही लागते आणि ते बाहेरगावी. पण बिचारी स्वतः जाऊन फोटो काढून आली. सातारा जिल्ह्याचा नकाशा आहे! मोठा आहे, काचेत लावलेला. तिने व्हॉट्सॲपवर पाठवला. अण्णांनी फोन हातात घेतला, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं. काचेत ट्यूबलाइट आलीय आणि भाचीचा हात आलाय, नेमका जिथे कोयनेचं खोरं आहे तिथे पांढरा पट्टा. अण्णांनी फोन परत दिला, म्हणाले, पोरीने काढला बरं का चांगला, पण काचच दिसतेय.

मी फॉर्म परत भरलाय. संस्थेचा ईमेल म्हणून भाचीचा टाकला, तिला विचारून. संस्थेच्या नावापुढे लिहिलंय, पिंपरीचा कारखाना. पदापुढे लिहिलंय, फिटर. अजून मेल आलेला नाही.

प्रदर्शन शनिवारपर्यंत आहे. मेल आला तर उत्तम, नाही आला तरी शनिवारी चार वाजता मी आणि अण्णा गेटवर असू, आणि या वेळी आत कुणाशी बोलायचं ते मी विचारून ठेवलंय. सहाला व्याख्यानही आहे. कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा, कुठे ते सांगते. अण्णांनी शर्ट परत इस्त्रीला टाकलाय आणि त्या वॉचमनसाठी, त्याचं नाव विचारायचं राहिलं म्हणून, स्वतःच्या वहीत आठवणीतून गावाचा नकाशा काढत बसलेत. ओढा दोनदा खोडून परत काढलाय.