स्लॅब माझा, फोन नवऱ्याला

आज एका कॉन्ट्रॅक्टरने माझ्या नवऱ्याला फोन करून माझी तक्रार केली. नवरा ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. सळईशी त्याचा संबंध पडद्याच्या रॉडपुरता.

झालं असं. नाशिकमध्येच एक बंगला चालू आहे, आरसीसी डिझाइन, म्हणजे काँक्रीट-सळईचं गणित, माझ्या ऑफिसचं. सकाळी स्लॅबचं स्टील चेक करायला गेले. बाल्कनी भिंतीबाहेर पाच फूट, खाली आधार नाही. अशा बाल्कनीत ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर लागते. इथे चेअर, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे आधार, नावाला दोन-चार, माणसं चालून चालून वरची जाळी पार खालच्या प्लायला टेकलेली. टेप लावून दाखवलं. म्हटलं, सळई उचला, चेअर वाढवा, मग काँक्रीट. तर यांनी चेकिंगच्या आधीच आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, गाडी मागवून ठेवलेली! मी सही न करता निघाले आणि थोड्याच वेळात नवऱ्याला फोन. "सर, मॅडमना जरा समजावून सांगा ना, गाडी उभी आहे."

नवरा म्हणाला, "तिचा नंबर देऊ का?" नंबर होताच हो कॉन्ट्रॅक्टरकडे!

कुठल्या इंजिनिअरच्या बायकोला असा फोन गेलाय कधी? "वहिनी, साहेब स्लॅब अडवून बसलेत, जरा बघा ना"? ऑफिस काढलं तेव्हा बँकेतही हेच. डिग्री माझी, कामं माझी, आणि साहेबांचा पहिला प्रश्न, मिस्टर काय करतात? फी सांगितली की, "तुम्हाला काय मॅडम, घरात पगार येतोच." त्या पगारावर माझ्या ड्राफ्ट्समनचं घर चालतं का?

दबाव पुरुष इंजिनिअरवरही येतो, मान्य. पण त्याच्याशी भांडतात ते त्याच्याशीच भांडतात.

आणि हे काही बायका काल-परवा आल्यात म्हणून नाही. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअर झाल्या, देशातल्या सुरुवातीच्या बायकांपैकी एक. पुढे १९७० मध्ये नवऱ्याबरोबर क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली. ठरावीक मापाचे स्टीलचे भाग जोडून हव्या त्या लांबीचा पूल उभा करायची त्यांची पद्धत, हिमालयात पूल बांधले त्या बाईने. आणि मला २०२० नंतरही पाच फुटांच्या बाल्कनीसाठी नवऱ्याची शिफारस लागते. संताप होतो नुसता.

बरं, मी अडवलं नसतं तर? स्लॅब छान दिसला असता. सेंट्रिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, काढलं की भिंतीच्या कडेला वरून चीर, आणि एखाद्या लग्नात दहा माणसं तिथे फोटोला उभी राहिली की मग कोर्टात कोणाला बोलावणार? सरांना?

दुपारी परत गेले. कॉन्ट्रॅक्टर पाठ फिरवून मोबाईलवर. पण तिथला एक फिटर, पोरगाच आहे, हातात बांधायचा हूक घेऊन म्हणाला, "मॅडम, आता टेप लावा." लावला. प्रत्येक चेअर जागेवर, सळई जिथे हवी तिथे. त्याला कोणाच्या नवऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मिस्त्री आणि फिटर लोकांशी माझं कधीच वाजलं नाही, हे लिहायलाच हवं. वाजतं ते इस्त्रीच्या शर्टवाल्यांशी. संध्याकाळी स्लॅब पडला. गाडीचं भाडं माझ्या बिलातून कापणार म्हणे. कापून दाखव.

असो. ऑफिसला एक साइट इंजिनिअर हवी आहे. मुलगेही चालतील, पण उन्हात उभं राहायची आणि 'नाही' म्हणायची तयारी हवी. साइटवर बाथरूम हवंच ही अट मी आता वर्क ऑर्डरमध्येच घालते, त्यामुळे दिवसभर पाणी न पिता राहावं लागणार नाही. इनबॉक्स करा. स्वतःच करा, घरच्यांना करायला लावू नका.