झुंबराला बांधलेल्या बायका

जुन्या हॉलिवूड म्युझिकल्सचा विषय निघाला की लोक ‘काय ते रंग, काय ते सेट!’ म्हणतात आणि तिथेच थांबतात. मला नाही थांबता येत. कॅमेरा बाईकडे कुठून बघतोय, हे त्या देखणेपणातच ठरलेलं असतं.

नृत्यदिग्दर्शक बझबी बर्कलीचं घ्या. १९३३ च्या ‘फूटलाइट परेड’मध्ये तो कॅमेरा उंचावर नेतो आणि खाली पाण्यात पोहणाऱ्या मुलींची फुलं उमलतात, मिटतात. डोळ्यांचं पारणं फिटतं. पण त्यातल्या एका तरी मुलीचा चेहरा लक्षात राहतो का?

म्हणून मला १९५३ चा ‘जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स’ फार मोलाचा वाटतो. त्यातल्या हिऱ्यांच्या गाण्यातला मेरिलिन मनरोचा गुलाबी गाउन आणि मागचा लालभडक पडदा सगळ्यांना आठवतो. त्याच गाण्यातली झुंबरं नीट बघा. त्यांना काळ्या पोशाखातल्या जिवंत बायका बांधल्यात, शोभेला! आणि त्यांच्यासमोर मनरो ठणकावून सांगते की वय उतरलं की पुरुषाचं प्रेमही उतरतं, तेव्हा हिरे आधी. तिला लोभी म्हणणाऱ्यांनी आधी वर बघावं. त्या झुंबराच्या जगात बाईने दुसरा कोणता हिशेब करायचा?

पण याहून धीट गाणं याच सिनेमातल्या दुसऱ्या नायिकेचं, जेन रसेलचं आहे, व्यायामशाळेतलं. ऑलिम्पिकला निघालेले खेळाडू कातडीच्या रंगाच्या चड्ड्या घालून ओळीने जोर-बैठका काढतायत. चेहरे कोरे, सगळे एकसारखे. बर्कलीने मुलींचं जे केलं, तेच इथे पुरुषांचं झालंय. आणि त्यांच्यामधून काळ्या कपड्यातली रसेल बिनदिक्कत त्यांना न्याहाळत, गात फिरते. ही नृत्यरचना जॅक कोलची. (हा माणूस भरतनाट्यम शिकलेला, मान आणि हातांच्या हालचालींकडे लक्ष द्या.) शेवटी सूर मारणाऱ्या एकाचा धक्का लागून ती तलावात पडते. तो खरा अपघात होता, पण तोच शॉट ठेवला. भिजलेली रसेल वर येते आणि गाणं पुरं करते.

मला वाटतं, स्टुडिओच्या त्या चकचकाटात बाईच्या नजरेला इतकी मोकळीक क्वचितच मिळाली. तरी टी-शर्टवर, पोस्टरवर, नकलांमध्ये सगळीकडे तो गुलाबी गाउनच. मनरोबद्दल माझी तक्रार नाही, ती अफाटच आहे. पण रसेलचं हे गाणं त्याच्या जोडीने दाखवलं गेलं पाहिजे, शिकवलं गेलं पाहिजे. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी आजच बघा आणि काय वाटलं ते खाली लिहा.