‘ऑइल जरा जास्तच घाला’: ब्रश कटरच्या देखभालीबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

गवत-झुडपे कापणाऱ्या, पेट्रोलवर चालणाऱ्या ब्रश कटरची घरच्या घरी देखभाल कशी करावी, हे मोजक्या ओळींत सांगणारा एक सल्ला सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा जरा जास्तच घालावे, आणि ते हाताशी नसेल तर गाडीचे कोणतेही इंजिन ऑइल चालते, हंगाम संपला की टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आतून गंज चढत नाही, एअर फिल्टर पेट्रोलमध्ये बुचकळून, झटकून लगेच बसवावा, ताकद कमी वाटली तर सायलेन्सरमधली जाळी काढून टाकावी आणि कार्बोरेटरचे स्क्रू थोडे पिळावेत, आणि नायलॉनची दोरी सारखी तुटत असेल तर तिच्या जागी बारीक पोलादी तार लावावी. एवढे केले की यंत्राला वर्षानुवर्षे मेकॅनिककडे न्यावे लागत नाही, असे आश्वासनही शेवटी दिलेले असते. या यंत्राची देखभाल घरी करता येते, हे त्यामागचे गृहीतक अगदी बरोबर आहे आणि म्हणूनच त्यातल्या चुका दाखवणे मला गरजेचे वाटते. ज्याला स्वतःच्या हाताने यंत्र सांभाळायचे आहे तोच हा सल्ला मनापासून पाळणार, आणि नुकसानही त्याचेच होणार.

पहिला मुद्दा ऑइलचा. ब्रश कटरच्या टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल साठवून ठेवणारी वेगळी जागा नसते. पेट्रोल, हवा आणि ऑइल यांचे मिश्रण कार्बोरेटरमधून आधी पिस्टनखालच्या पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये येते, तिथल्या बेअरिंगांना, कनेक्टिंग रॉडला आणि पिस्टनला वंगण देत वर सिलिंडरमध्ये जाते आणि तिथे जळून बाहेर पडते. वंगण इंधनाबरोबर येते आणि इंधनाबरोबरच संपते. ऑइल न मिसळता नुसते पेट्रोल भरून यंत्र चालवले, तर थोड्याच वेळात पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो. ही भीती खरी आहे आणि ‘जास्तच घाला’ हा सल्ला तिच्यातूनच आलेला दिसतो. परंतु जे ऑइल इंजिनात जाते ते जळून बाहेर पडणे अपेक्षित असते, आणि प्रमाणापेक्षा जास्त गेलेले ऑइल पुरते जळत नाही. त्याची काजळी स्पार्क प्लगच्या टोकांवर बसते, एक्झॉस्टच्या तोंडाशी थर धरते आणि पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत साचून रिंगा चिकटवते. रिंग चिकटली की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरते, आणि मग स्टार्टरची दोरी कितीही ओढली तरी यंत्र चालू व्हायला तयार नसते. काजळीचा एखादा कडक तुकडा सुटून पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये सापडला, तर तो तिथे ओरखडे पाडतो. ऑइल वाढले म्हणजे पेट्रोलचा वाटा घटून मिश्रण विरळ (हवेच्या मानाने इंधन कमी) होते, असेही कधी कधी बजावले जाते. ते तत्त्वतः खरे असले तरी तो परिणाम लहान आहे. खरे नुकसान काजळीचे आहे.

आता प्रमाणाकडे वळू. आजच्या बहुतेक यंत्रांना ५०:१ हे प्रमाण सांगितलेले असते, म्हणजे १ लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर ऑइल. ४०:१ असेल तर २५ मिलिलिटर आणि २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. ज्या यंत्राच्या पुस्तिकेत २५:१ लिहिलेले आहे, त्यात ५०:१ चे मिश्रण घालणे हीदेखील तितकीच गंभीर चूक आहे, तेव्हा मी कमी ऑइलची वकिली करत नाही. पुस्तिकेतला किंवा टाकीच्या झाकणावर छापलेला आकडा पाळावा, एवढेच माझे म्हणणे आहे. या यंत्रांच्या टाक्या लहान असतात, त्यामुळे बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतलेले ऑइल सहज दीडपट होऊन बसते. बिनसुईची मोठी सिरिंज किंवा खुणा असलेले मोजपात्र वापरावे. मिश्रण यंत्राच्या टाकीत कधीच करू नये. वेगळ्या कॅनमध्ये आधी निम्मे पेट्रोल घ्यावे, मोजलेले सगळे ऑइल त्यात घालावे, झाकण लावून चांगले हलवावे आणि मग उरलेले पेट्रोल ओतून पुन्हा हलवावे. बहुतेक टू-स्ट्रोक ऑइलमध्ये निळा, हिरवा किंवा लाल रंग मिसळलेला असतो, त्यामुळे कॅनमधले इंधन नुसते पेट्रोल आहे की मिश्रण, हे उजेडात धरल्यावर कळते. कॅनवर प्रमाण आणि तारीख लिहून ठेवण्याची सवय मात्र रंगापेक्षा जास्त भरवशाची आहे.

गाडीचे ऑइल चालते, हा दावा तर सरळ चुकीचा आहे. फोर-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल जळण्यासाठी बनवलेलेच नसते. त्यातली धातूयुक्त द्रव्ये जळाल्यावर राख मागे ठेवतात आणि ती प्लगवर व पिस्टनच्या माथ्यावर बसते. बोटीच्या इंजिनासाठी मिळणारे टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे ऑइलही इथे योग्य नाही, कारण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे आणि ब्रश कटरचे इंजिन हवेवर थंड होते. डब्यावर जासो या जपानी मानकाचा एफसी किंवा एफडी असा दर्जा पाहून घ्यावा. एफडी ऑइल आतले भाग अधिक स्वच्छ ठेवते. दुसरीकडे, आपले यंत्र टू-स्ट्रोकच आहे ना, याचीही खात्री हवी. होंडाच्या जीएक्स३५ सारख्या लहान फोर-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल नुसतेच भरायचे असते आणि सुमारे १०० मिलिलिटर ऑइल वेगळे घालायचे असते, तर श्टील कंपनीचे ४-मिक्स इंजिन फोर-स्ट्रोक असूनही मिश्रणावर चालते. अशा वेळी ऐकीव नियमाचा काहीही उपयोग नाही. पुस्तिका उघडावीच लागते.

दुसरा मुद्दा काठोकाठ भरलेल्या टाकीचा. लोखंडी टाकी असलेल्या वाहनांसाठी या सल्ल्यात थोडे तथ्य होते, कारण रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे पाणी आतल्या पत्र्यावर धरते. ब्रश कटरची टाकी मात्र प्लास्टिकची असते आणि प्लास्टिकला गंज चढत नाही. इथे जपायचा तो कार्बोरेटर. त्यातली छिद्रे अतिशय बारीक असतात आणि इंधनाचे नियंत्रण एक पातळ लवचीक पडदा व लहानशी सुईसारखी झडप करतात. इंधन महिनोन्‌महिने तसेच राहिले की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो. तो छिद्रे बुजवतो, सुई जागीच चिकटवतो, आणि पडदाही कालांतराने कडक होतो. पुढच्या हंगामात यंत्र चालू होऊन चोक काढताच बंद पडते, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच सुरू झालेली असते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असेल तर आणखी एक धोका असतो, आणि या सल्ल्यात त्याचा उल्लेखही नाही. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतल्या नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो आणि तो नेमका तळाशी लोळत असतो. अशा टाकीतून इंजिनाला पहिल्यांदा मिळतो तो बिनऑइलचा थर. काचेच्या बरणीत थोडे जुने इंधन काढून तासभर स्थिर ठेवले आणि तळाशी वेगळी रेघ दिसली, तर ते इंधन यंत्रात घालायचे नाही.

म्हणून यंत्र महिन्याभराहून अधिक काळ ठेवायचे असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधले उरलेले इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते मोकळ्या जागेत मंद गतीवर चालू ठेवावे. इंजिन गार झाल्यावर प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोडावे, स्टार्टरची दोरी दोन-तीनदा हळू ओढून ते आत पसरवावे आणि प्लग पुन्हा बसवावा. सिलिंडरचे डोके ॲल्युमिनियमचे असते, त्यामुळे प्लगचे पहिले काही आटे हातानेच फिरवावेत. पान्याने सुरुवात केली आणि आटे तिरके गेले, तर ते काम मग घरच्या आवाक्यात राहत नाही. प्लग हातात आहेच, तर त्याचा रंगही पाहून घ्यावा. फिकट तपकिरी टोक चांगले. काळे आणि ओलसर असेल तर ऑइल जास्त पडते आहे किंवा हवा कमी मिळते आहे. पांढुरके असेल तर इंजिन विरळ मिश्रणावर तापते आहे.

एअर फिल्टरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पेट्रोलने धुण्यात आगीचा धोका आहे, आणि फोमचा व त्याच्या चिकटवलेल्या कडांचा टिकाऊपणाही जातो. फोमचा फिल्टर कोमट पाण्यात साबणाने धुवावा, न पिळता दाबून पाणी काढावे आणि पूर्ण वाळल्यावर, पुस्तिकेत सांगितले असेल तरच, ऑइलचे थोडे थेंब त्यात मुरवून बसवावा. कागदी किंवा फेल्टचा फिल्टर हलक्या हाताने झटकावा. फार मळला असेल तर बदलावा. ‘लगेच बसवावा’ या शब्दांना माझी सर्वांत जास्त हरकत आहे. फिल्टर काढलेला असताना कार्बोरेटरच्या तोंडाशी चोंदलेली माती कोरड्या फडक्याने पुसून न घेता तो परत बसवला, तर ती सगळी माती इंजिन ओढून घेते.

जाळी आणि स्क्रू यांचा मुद्दा एकत्र घ्यायला हवा, कारण दोन्हीकडे लक्षणालाच रोग समजले गेले आहे. सायलेन्सरमधली बारीक जाळी काजळीचे तापलेले कण बाहेर उडू देत नाही, आणि हे यंत्र वापरायचे ठिकाण म्हणजे बहुधा वाळलेले गवत. ती काढून टाकणे म्हणजे वणव्याला वाट मोकळी करून देणे आहे. जाळी चोंदली की यंत्र चालू होते पण वेग घेत नाही, हे निरीक्षण बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणजे इंजिन पूर्ण थंड झाल्यावर ती काढून पितळी तारांच्या ब्रशने घासणे आणि परत लावणे. ती वरचेवर चोंदत असेल तर ऑइलचे प्रमाण तपासावे. गंमत अशी नव्हे तर दुर्दैव असे, की याच सल्ल्यातला पहिला उपाय पाळणाऱ्याला हा चौथा उपाय हमखास लागतो.

कार्बोरेटरच्या स्क्रूंपैकी ‘एच’ हा पूर्ण वेगावरचे इंधन ठरवतो. तो आत पिळला की इंधन कमी होते, आवाज टिपेला जातो आणि यंत्रात जोर आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फिरणाऱ्या इंजिनाला त्याच वेळी इंधनही कमी मिळते आणि त्याबरोबर येणारे वंगणही. पिस्टन जाम होण्याचा हा अगदी नेहमीचा रस्ता आहे. यंत्राचा जोर कमी झाला असेल तर आधी एअर फिल्टर, मग टाकीतला इंधनाचा फिल्टर, मग प्लग, मग जाळी, या क्रमाने पाहावे. घरी हात लावण्याजोगा स्क्रू फक्त मंद गतीचा. मंद गतीवर नायलॉनची दोरी बसवलेले डोके फिरता कामा नये. फिरत असेल तर तो स्क्रू थोडा सैल करावा, आणि तरीही फिरत राहिले तर क्लचची स्प्रिंग तपासून घ्यावी.

तारेचा सल्ला यंत्रापुरता राहत नाही, तो माणसाच्या जिवावर बेतू शकतो. १९७१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांनी दोरीने गवत कापणारे यंत्र कल्पिले, तेव्हा त्यातली मुख्य गोष्टच ही होती की कापणारी वस्तू लवचीक असावी आणि दगड-भिंतीला आपटली तर तिने नमावे किंवा झिजावे. दोरीचे टोक मध्यापासून २० सेंटिमीटरवर असेल आणि डोके मिनिटाला ७,००० वेळा फिरत असेल, तर त्या टोकाचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या वर जातो. त्या वेगाने सुटलेला तारेचा तुकडा पायाच्या पिंढरीत किंवा जवळून जाणाऱ्याच्या डोळ्यात शिरतो. नायलॉनसाठी बनवलेली प्लास्टिकची ढाल त्याला अडवण्यास पुरी पडत नाही. एकमेकांत अडकवलेल्या धातूच्या तुकड्यांची कापणीची डोकी याच कारणाने युरोपीय आयोगाने जानेवारी २०१२ च्या निर्णयाने सदस्य देशांच्या बाजारातून हद्दपार करायला लावली. दोरी वरचेवर तुटते ती बहुधा कोरडी पडून ठिसूळ झालेली असते, किंवा ती भिंतीला टेकवून चालवली जाते. नायलॉन पाणी शोषतो, तेव्हा गुंडाळी एक रात्र पाण्यात बुडवून ठेवली की तिची लवचिकता बरीचशी परत येते. पुस्तिकेत २.४ मिलिमीटर लिहिले असेल तर ३ मिलिमीटरची जाड दोरीही घालू नये. तिचा भार क्लच आणि इंजिन यांच्यावर पडतो.

राहता राहिला तो भाग, ज्याचे या सल्ल्यात नावही नाही: सरळ दांड्याच्या टोकाचा गिअर हेड. कापताना सगळा जोर इथून वळतो आणि तिथे ग्रीस नसेल तर दातेरी चाके काही दिवसांत झिजतात. त्याच्या बाजूला एक स्क्रू असतो. साधारण २० ते २५ तासांच्या कामानंतर तो काढून आत पाहावे, आणि आतल्या दात्यांवर ग्रीस दिसत नसेल तर ट्यूबमधून थोडे भरावे. जागा ठासून भरू नये, कारण कोंदलेले ग्रीस तापते आणि सीलमधून बाहेर येते. काम संपल्यावर गिअर हेडला हात जवळ नेऊन पाहावा. तो कोमट लागणे ठीक आहे, चटका बसण्याइतका तापत असेल तर ग्रीस कमी आहे, फार झाले आहे किंवा बेअरिंग गेले आहे, आणि ते कळेपर्यंत यंत्र पुन्हा चालू करू नये.